मोर नव्हे, हरियाल

नसरापूरच्या स्टँडजवळ माझं इंटरनेटचं दुकान होतं, तेव्हा दर शनिवारी शाळा सुटली की एक गुरुजी चौथीची चार-पाच मुलं घेऊन यायचे. स्वतः माऊसला कधी हात लावायचे नाहीत. हात पाठीमागे बांधून उभे राहायचे आणि म्हणायचे, "मला सांगू नका, दाखवा."

एकदा राज्याची मानचिन्हं शोधायची होती. शेकरू सापडला, ताम्हणाचं फूल सापडलं. पडद्यावरच्या हिरव्या कबुतराचं इंग्रजी नाव वाचून मी 'हरियाल' म्हणालो, तशी एक मुलगी ताडकन बोलली, "गुरुजी, तुमी तर मोर सांगितलेला! ह्यो आमच्या उंबरावर येतो."

गुरुजींनी वाकून, चष्मा वर करून चित्र पाहिलं.

"मोर देशाचा, राज्याचा हाच. मी चुकलो. वहीत नीट लिहून घ्या," ते वर्गातल्यासारख्या खणखणीत आवाजात म्हणाले. मग माझ्याकडे वळले. "तूही माझ्याच हाताखालून गेलास. तुलाही मोरच शिकवला असणार."

"व्हय, गुरुजी."

"मग दुरुस्त कर."

मी खुर्चीतून उठलो आणि मुलांदेखत मोठ्यानं म्हणालो, "महाराष्ट्राचा राज्यपक्षी हरियाल." त्यांनी मान डोलावली, तेव्हाच खाली बसलो.