सुधाताईंनी माझ्या आईचा आवाज काढला

सुधाताईंनी ओढणी डोक्यावर घेतली, आवाज चिरका केला आणि वाचलं, "बाई, तुमचं लेकरू पयल्यांदा माज्या हातात आलं. तवा न्हाई बाटलं? आन् आता मी आत आले तर घर बाटतंय व्हय?"

सगळी खोली हसली. पोट धरून. एकाने शेजारच्याला टाळी दिली.

ते वाक्य माझ्या आईचं होतं. मी मागच्या रांगेत बसले होते. माझ्या शेजारी माझी सात वर्षांची मुलगी. तीही हसली, सगळे हसतायत म्हणून.

हे २०१५ साल चालू आहे. सिंगापूरमधल्या मराठी लिहिणाऱ्यांचा एक गट आहे. महिन्यातून एकदा, शनिवारी दुपारी, सुधाताईंच्या काँडोच्या, म्हणजे उच्चभ्रू सोसायटीच्या, फंक्शन रूममध्ये बैठक. बाहेर स्विमिंग पूल, आत कथा आणि चिवडा. नियम मोठे कडक. कथा नाव न घालता द्यायची, आणि ती पूर्ण वाचली जायचीच. वाचणार फक्त सुधाताई, कारण त्यांनी पुण्यात नाटकांत कामं केलेली, त्यांची वाणी शुद्ध. चर्चा संपेपर्यंत लेखकाने तोंड उघडायचं नाही. शेवटी हात वर करून सांगायचं, कथा माझी. म्हणजे निखळ मत मिळतं म्हणे.

माझी आई तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात आया होती. बाळंतपणाच्या खोलीत. रक्त पुसायचं, वार उचलायची, डॉक्टर वेळेवर आला नाही तर पोर स्वतःच्या हातांवर झेलायचं. असंच एका वकिलाचं पोर तिने झेललं. बारशाला बोलावणं आलं म्हणून ती धुवट लुगडं नेसून गेली. आम्ही भीमनगरातली माणसं. तिला अंगणात थांबवलं आणि वरून तिच्या ओंजळीत घुगऱ्या टाकल्या, हाताला हात लागू नये म्हणून. तेव्हा ती ते वाक्य बोलली. घुगऱ्या उंबऱ्यावर ओतल्या आणि चालती झाली. मी तिचा पदर धरून होते. ते मी कथेत लिहिलं होतं.

त्याचा सुधाताईंनी तमाशा केला. आणि माझ्या तोंडावर नियमाचं कुलूप.

चर्चा सुरू झाली. "काय भट्टी जमलीय विनोदाची!" "आमच्या कोथरूडच्या घरी कामवाली होती ना, अगदी अश्शीच बोलायची." रॅफल्स प्लेसच्या एका बँकेत मोठ्या हुद्द्यावर असलेले बापूसाहेब गंभीर झाले. "सिंगापूरला येऊन तरी हे जातीबितीचं कशाला उगाळायचं? इथे कोण विचारतं?" ह्याच बापूसाहेबांनी मागच्या बैठकीत चहा पिता पिता मला दोनदा माझं माहेरचं आडनाव विचारलं होतं. सुंभ जळाला तरी पीळ जात नाही म्हणतात. ह्यांनी तर सुंभ न जाळताच विमानात घालून आणलाय.

मी हात वर केला.

"अय्या, तू?" सुधाताई म्हणाल्या. "तुझ्या बोलण्यावरून अजिबात वाटत नाही गं! किती स्वच्छ बोलतेस तू. ही बाई तुमच्याकडे कामाला होती का?"

"माझी आई आहे."

कोणीतरी चिवड्याची प्लेट पुढे सरकवली. सुधाताई जराही अडखळल्या नाहीत. "मग शेवट तेवढा बदल. त्यांनी तिला आत बोलावलं, ओटी भरली, असं कर ना. कडवटपणा जाईल. आपल्या दिवाळी अंकात घेऊ."

मी कागद उचलले आणि निघाले.

टॅम्पिनीसला घरी परत जाताना एमआरटीत, म्हणजे इथल्या मेट्रोत, मुलीने रुमाल डोक्यावर घेतला. नाकात बोलली, "घर बाटतंय व्हय?" आणि खिदळली. "सो फनी, लाह," इथल्या शाळेत शिकलेल्या इंग्रजीत.

"ती तुझी आजी आहे," मी म्हटलं.

"आजी? बट आजी नेव्हर टॉक लाइक दॅट."

खरंच होतं तिचं. माझ्या आईचा आवाज जाड आहे. खालचा. ते वाक्य ती ओरडली नव्हती, शांतपणे बोलली होती. म्हणून तर त्या घरातली माणसं गप्प झाली होती. आणि आता माझ्याच पोरीच्या तोंडात आजीचं म्हणून सुधाताईंचं सोंग शिरलं होतं. माझं डोकं फिरलं. इतका राग मला त्या अंगणातही आला नव्हता.

नवरा म्हणाला, "सोड ना. माझं कॉन्ट्रॅक्ट बापूसाहेबांच्याच बँकेत आहे."

"मी सोडलं असतं," मी म्हटलं. "पण पोरीने धरून ठेवलंय."

पुढच्या महिन्यात मी कथा दिली. नियमाप्रमाणे, नाव न घालता. मुलीला मुद्दाम बरोबर नेलं. सुधाताईंनी घसा साफ केला आणि वाचायला लागल्या. पहिलं वाक्य होतं, 'ताईंनी ओढणी डोक्यावर घेतली.'

दुसऱ्या परिच्छेदात त्यांना कळलं. कोथरूडची कामवाली आली, दोनदा विचारलेलं आडनाव आलं. बापूसाहेबांनी चष्मा काढला. जो जे बोलला होता, ते त्याच्याच शब्दांत. मी एक अक्षर वाढवलं नव्हतं.

"मी इथेच थांबते," सुधाताई म्हणाल्या.

"नियम आहे, ताई. कथा पूर्ण वाचायची."

"मला नाही वाचता येत हे."

मग मी पुढे गेले, त्यांच्या हातातून कागद घेतले आणि उरलेलं वाचलं. आईचं वाक्य आईच्या आवाजात, जाड, खालच्या पट्टीत. आणि सुधाताईंचं सुधाताईंच्या आवाजात. "अय्या, तू? किती स्वच्छ बोलतेस तू." हुबेहूब. मान वाकडी करून, बांगड्या मागे सारून. मला नाटकाचं शिक्षण नाही. पण आमच्यासारख्यांना ह्यांचे आवाज लहानपणापासून पाठ असतात.

कोणी हसलं नाही. फक्त माझी मुलगी हसली. मी तिला गप्प केलं नाही.

सुधाताईंचे डोळे भरले. मला दया आली नाही. बरं वाटलं. खूप बरं वाटलं.

"हे तू सूडबुद्धीनं लिहिलंयस," त्या म्हणाल्या.

"हो," मी म्हटलं. "सूडबुद्धीनंच."

संध्याकाळच्या आत मला व्हॉट्सॲप ग्रुपवरून काढून टाकलं. वातावरण बिघडतं म्हणे. नवऱ्याचं कॉन्ट्रॅक्ट राहील किंवा जाईल, तेही बघू. त्यांचा दिवाळी अंक त्यांना लखलाभ. मी दुसरीकडे छापीन, आणि कुठेच नाही छापलं तर लिटिल इंडियाच्या फुटपाथवर उभी राहून वाचीन. शेवट बदलणार नाही. कडवटपणा काढणार नाही, उलट आणखी घालीन. माझ्या आईच्या तोंडची वाक्यं यापुढे मीच वाचणार.

आणि तुमच्या तोंडचीही.