सरांची सही

कीबोर्डकडे बघून टाईप केलंत, की मागून एक घडीचा रुमाल तुमच्या हातांवर येऊन पडायचा. "बघायचं नाही. बोटांना आपापलं घर माहीत असतं," एवढं बोलून सर पुढच्या टेबलाकडे.

खोपटच्या एसटी डेपोसमोर आमचं सॉफ्टवेअरचं ऑफिस. आम्ही सगळे विशीतले, सर पन्नाशीचे. वीस वर्षं टायपिंगचा क्लास चालवून, टाईपरायटर भंगारात गेल्यावर आमच्यात आलेले. नव्या मशीनवर फ्लॉपीमागून फ्लॉपी घालून कंपायलर, म्हणजे आमचं लिखाण मशीनच्या भाषेत उतरवणारा प्रोग्राम, चढवायचा आणि आमचे प्रोग्राम तपासायचे, हे त्यांचं काम. त्याआधी चपला बाहेर. कंपायलरला चपलांचं काय, हे विचारायची कोणाची टाप नव्हती.

मग परदेशी गिऱ्हाइकाने अट घातली, की प्रत्येक प्रोग्रामवर तपासणाऱ्याची संगणकी सही हवी. ही सही ज्या गुप्त आकड्यांनी उमटते, ती सरांच्या नावाची किल्ली मशीनवर बनवायला बसलो. किल्ली कोणाला ओळखता येऊ नये म्हणून पडद्यावर सूचना आली: मनाला येईल ते टाईप करा. सरांनी पाठ ताठ केली आणि एका ठेक्यात स्पीड टेस्टचा उतारा सुरू केला.

"सर, वेडंवाकडं मारा हो!"

"अरे, त्यासाठी पोरांना उठाबशा काढायला लावल्यात मी!"

शेवटी डोळे मिटून, पाप केल्यासारखी त्यांनी बोटं आपटली. किल्ली तयार झाली. ती वापरायचा पासवर्ड मात्र त्यांनी बायकोलाही सांगितला नाही, असं ते स्वतःच सगळ्यांना सांगत.

एका शनिवारी मालक आले. दवाखान्यासाठी केलेला प्रोग्राम त्याच दिवशी जायचा होता. पेशंटचं वजन भरलं नाही तरी तो औषधाचा डोस दाखवतो, ही चूक सरांनी पकडली होती.

"सही करा, सर. चूक सोमवारी बघू."

"मग सहीही सोमवारीच."

"पासवर्ड द्या, मी करतो."

"माझं नाव माझ्या वडिलांनी ठेवलंय, साहेब. कंपनीने नाही."

"मग सोमवारपासून येऊ नका."

आम्ही पडद्यात डोकी खुपसून बसलो. सरांनी दहा मिनिटं शांतपणे काहीतरी टाईप केलं, पिशवी उचलली आणि खडवलीला घरी निघून गेले.

थोड्या वेळाने मेल उघडली. आम्हाला आणि गिऱ्हाइकालाही सरांचं पत्र होतं: "ही किल्ली आजपासून रद्द. यापुढे माझ्या नावाने येईल ते खरं मानू नये." मी पत्राखालची संगणकी सही तपासली. अस्सल होती.

मालकांनी माझ्याकडे बघितलं. माझ्या नावाची किल्ली पाच मिनिटांत झाली. संध्याकाळी प्रोग्राम गेला, चुकीसकट, खाली माझी सही घेऊन. त्याची लाज अजून वाटते. सर पुन्हा कधी दिसले नाहीत, आणि खरं सांगतो, मी शोधलंही नाही.