बोरगावला गेलेली कॅसेट

मी आयुष्यात एकच सिनेमा काढला. तो चार मिनिटांचा होता आणि मला जन्मभर पुरला.

आजची पोरं त्याला म्युझिक व्हिडिओ म्हणतात. आम्ही 'गाण्याची फिल्म' म्हणायचो. ऐंशीचं दशक निम्मं उलटलं होतं. मी पांढुर्ण्याची, नागपुरात होस्टेलला राहून पत्रकारितेचा वर्षभराचा कोर्स करत होते, आणि त्यात 'दृश्यमाध्यम' नावाचा एक विषय होता. हा शब्द मी घरी पहिल्यांदा उच्चारला तेव्हा बाबा आमच्या कापडाच्या दुकानात गिऱ्हाइकाला लठ्ठा मोजून देत होते.

"काय येते त्याच्यानं?" त्यांनी विचारलं.

"दृष्टी येते, बाबा."

"ते तं चष्म्यानं बी येते," बाबा म्हणाले आणि कात्री चालवली.

त्या विषयासाठी प्रत्येकानं एका गाण्याची फिल्म करून होळीच्या आधी जमा करायची होती. ज्याची चांगली निघेल त्याची पुण्याला पुढच्या शिक्षणासाठी आमचे सर स्वतः शिफारस करणार होते. मला पुण्याला जायचं होतं. अगदी खरं सांगते, त्या वयात मला दुसरं काहीही नको होतं, आणि नवरा तर मुळीच नको होता! बाबांनी विचार करून निकाल दिला, "फिल्म पास झाली तं पुण्याले जाय. नाही झाली तं गुपचूप लगन कराचं. मंग रडाचं नाही." मी लगेच हो म्हटलं. शर्त मला फारच सोपी वाटली.

गाणं मीच लिहिलं. तिगावच्या स्टेशनावर एक मुलगी रोज जाणाऱ्या गाड्या बघते आणि एके दिवशी एका गाडीत चढून निघून जाते. 'थांब वं गाडी, तिगावले थांब, मन माझं बसलं, मले बी घे.' (हसू नका. होस्टेलच्या पोरी हे ऐकून रडल्या होत्या. त्या दिवशी मेसमधलं जेवणही तसंच होतं म्हणा.) माझ्या रूममेटनं ते गायलं, मी टेपवर भरून घेतलं. राहिला कॅमेरा.

कॉलेजच्या कॅमेऱ्याला सरांशिवाय कुणी हात लावायचा नाही असा नियम होता. आमच्या भागात कॅमेरा होता तो सौसरच्या किशोरभाऊ शूटिंगवाल्यांकडे, आणि तो लग्नाशिवाय घराबाहेर निघत नसे. पण सौसरला माझे सख्खे नानामामा होते. सरकारी कचेरीत मोठे बाबू. ज्याचं काम त्यांच्याकडे अडलेलं नाही असा माणूस तालुक्यात सापडायचा नाही. आईनं भावाच्या कानावर घातलं आणि मामांचा निरोप आला, "कॅमेरा मी आणतो, कॅसेट माझी, बगीचा बी माझा. भाचीले पाठवून दे. संगं एक चांगली साडी देजो."

साडी कशाला, हा प्रश्न मला पडायला हवा होता. मला वाटलं, वेशभूषा!

सौसरला पोचल्यावर मामांनी दुसरा निर्णय दिला, "हिरोईन तूच." मी लाजून नाही-नाही म्हटलं आणि आरशात बघून आले. मामींनी चेहऱ्याला लावायला साय ठेवलीच होती.

पहिला शॉट तिगावला. त्या काळचा कॅमेरा म्हणजे दोन माणसांचं काम. कॅमेरा किशोरभाऊंच्या खांद्यावर, रेकॉर्डर वेगळा, तो पट्ट्यानं मामांच्या गळ्यात, आणि दोघांच्या मध्ये हातभर वायर. त्यामुळे कॅमेरा जाईल तिथं मामा जायचे. थोड्या वेळानं माझ्या लक्षात आलं की मामा जातील तिथंच कॅमेरा जात होता.

पॅसेंजर आली. मी "ॲक्शन!" म्हणून ओरडले आणि साडी सावरत धावले.

"धावू नोको!" मामा ओरडले. "सावकाश चाल! दोन्ही पाय बराबर दिसले पायजेत!"

मी थांबून मागं बघितलं, तर किशोरभाऊंचा कॅमेरा माझ्याकडे नव्हताच. ते गाडीच्या खिडक्यांमधली माणसं एकेक करून घेत होते!

"किशोरभाऊ, मी इकडे आहे!"

"हो ताई, पाहून राहिलो. पन एवढे लोक हायेत. एखाद्याले नाही घेतलं तं नाराजी होते ना!" मग खिडकीतल्या एका म्हाताऱ्याला म्हणाले, "खा बाबाजी, खाऊन घ्या, कॅमेऱ्याकडं पाहू नोका."

जन्मभर पंगती शूट केलेला माणूस तो. बाबाजींची भाकर खाऊन होईपर्यंत गाडी सुटली. मन माझं बसलं होतं, मी खालीच.

"गेली तं जाऊ दे," मामा म्हणाले. "बाकीचं घरी करू. घर काय वाईट हाये?"

अशा रीतीनं घर सोडून जाणाऱ्या मुलीचं गाणं आम्ही घरी नेलं. घरी मामींनी सगळी तयारी करून ठेवली होती. पोळपाट, शिलाई मशीन, कपबशांचा ट्रे, बगीच्यातल्या संत्र्यांची टोपली आणि नुकती धुतलेली गाय.

"मामा, गाण्यात गाय नाही."

"मंग घाल ना! तुह्यच गानं हाये."

आता ऐका. शिकलेल्या माणसाला मूर्ख बनवायला दुसरं कुणी लागत नाही, त्याचं तोच पुरतो. मामा म्हणाले, पोळ्या लाट. मी म्हटलं, वा, मुलीचं बंदिस्त आयुष्य! मामी म्हणाल्या, सुईत दोरा ओव, एका झटक्यात ओवजो. मी म्हटलं, काय प्रतीक आहे! (आणि किशोरभाऊंना सुईचा क्लोजअप घ्यायला मीच लावलं.) मामा म्हणाले, वेणी सोडून पाठमोरी उभी राहा. मी म्हटलं, विरह. पेपर मोठ्यानं वाच. म्हटलं, बाहेरच्या जगाची ओढ. चौकटीला टेकून सरळ उभी राहा, उंची समजली पायजे. म्हटलं, उंबरठा! चहाचा ट्रे घेऊन ये, मान खाली, सावकाश. उंबरठ्याशी किशोरभाऊ मला थांबवायचे, "ताई, थोडकं थांबा, फोकस करून राहिलो," आणि मग पुढं सोडायचे. हा शॉट तर मी सात-आठ वेळा घ्यायला लावला. दर वेळी चहा मामा प्यायचे.

सगळ्यात शेवटी मामा म्हणाले, "आता कॅमेऱ्याकडं पाहून नाव सांग, शिक्षण सांग, नी काय काय येते ते सांग."

इथं तरी माझी ट्यूब पेटायला हवी होती की नाही? पण सरांनी नुकतंच शिकवलं होतं की पात्रानं थेट प्रेक्षकाशी बोलणं ही फार आधुनिक पद्धत आहे. मामांना ती आपोआप सुचली याचं मला कौतुक वाटलं! मी नाव सांगितलं, शिक्षण सांगितलं, आणि वर स्वतःच्या बुद्धीनं मंद हसले.

"फस्क्लास!" किशोरभाऊ म्हणाले. मामींनी पदराला डोळे पुसले. माझी कला पोचली, असं मी समजले.

कॅसेट तिथल्या तिथं बघायची माझी फार इच्छा होती. पण मामांकडे व्हीसीआर नव्हता आणि किशोरभाऊंचा भाड्यानं मोहगावला गेला होता. मामा म्हणाले, "तू जाय नागपूरले. सोमवारच्या बसनं मी कॅसेट पाठवतो." मी गेले. सोमवारची बस आली, मंगळवारची आली, कॅसेट आली नाही. होळी जवळ यायला लागली तशी मी तडक सौसर गाठलं. मामी पापड वाळत घालत होत्या.

"मामी, माझी कॅसेट?"

"ते बोरगावले गेली ना बाई."

"बोरगावला? कशाला?"

"पाहाले."

"गाणं पाहायला?"

"गानं कोन पाह्यते वं?" मामी म्हणाल्या. "तुले पाहाले."

मी पापडांच्या शेजारीच बसले. सुई आठवली: डोळे चांगले आहेत. तिगावची चाल आठवली: पाय सरळ आहेत. वेणी, पोळी, पेपर, उंची, चहा. सरांनी शिकवलेलं एकेक प्रतीक माझ्या डोळ्यांसमोर उभं राहून आपला खरा अर्थ सांगायला लागलं. मी मुलगी दाखवायचा कार्यक्रम स्वतः दिग्दर्शित केला होता, आणि वर सात-आठ रिटेक मागितले होते!

तेवढ्यात मामा आले. त्यांना बिचाऱ्यांना यात काही वावगंच वाटत नव्हतं.

"अवं, तुह्याच सोयीचं केलं! दर खेपेला पाव्हन्यायसमोर बसा, पोहे करा, किती तरास! एकदा शूटिंग केली का कॅसेट फिरते. जमाना बदलून राहिला!"

"मामा, मला ती होळीच्या आधी कॉलेजात द्यायची आहे. परत मागवा."

"वापस?" मामांचा चेहराच उतरला. "पोरीवाल्यानं कॅसेट वापस मांगली, मतलब सोयरीक मोडली. मंग म्या तोंड कोनाले दाखवाचं?"

"मग मी जाते बोरगावला."

यावर मामींनी हातातला पापड सोडला. लग्नाआधी मुलीनं स्वतः मुलाच्या दारात जायचं, तेही आपली कॅसेट मागायला! मी पांढुर्ण्याला जाऊन बाबांसमोर रडले. बाबा लठ्ठ्याची घडी घालत राहिले. म्हणाले, "शर्त तुले मंजूर होती ना?" त्या घडीचा मला जो राग आला तो अजून गेलेला नाही. बाबा गेले, दुकान गेलं, राग तेवढा आहे.

होळीच्या आधी सरांनी विचारलं, "कॅसेट कुठे आहे?"

"सर, बोरगावला."

"तिथं लोकेशन आहे का तुमचं?"

"नाही सर, स्थळ आहे."

वर्ग हसला. मीही हसले, कारण दुसरं काही केलं असतं तर रडू फुटलं असतं. त्या विषयात मी नापास झाले. पुण्याला दुसरीच मुलगी गेली. होळी होऊन गेल्यावर कॅसेट मामांकडे परत आली. हिरव्या खणात गुंडाळलेली, वर नारळ, हळदीकुंकू. बोरगाववाल्यांनी पसंती कळवली होती. कॉलेजनं नापास केलेली फिल्म सासरनं पास केली!

लग्नाला किशोरभाऊच आले. नवी कॅसेट आणू का, असं त्यांनी विचारलं तेव्हा मामा म्हणाले, "कायले? तेच घ्या ना. तिचं काम झालं." माझा सिनेमा पुसून त्याच कॅसेटवर माझं लग्न शूट झालं. त्यात मी ओझरतीच दिसते. पंगत मात्र एकही माणूस न सोडता घेतली आहे.

नवरा शाळामास्तर, माणूस सरळ. त्याच्याबद्दल माझी काही तक्रार नाही. (आहे, पण ती वेगळ्या लेखाचा विषय आहे.) आणि खरं सांगायचं तर इतकी वर्षं मी एका गोष्टीवर काढली. चूल पेटवताना, वह्यांचे गठ्ठे बांधून देताना मी मनाशी म्हणायचे, सरांनी नसेल बघितला, जगानं नसेल बघितला, पण या एका माणसानं माझा सिनेमा बघितला, आणि त्याला तो इतका आवडला की त्यानं दिग्दर्शिकेशी लग्न केलं. असा प्रेक्षक किती जणांना मिळतो!

परवा लेक फोनवर कुणाच्या तरी गाण्याचा व्हिडिओ बघत होती. माझा जीव उचंबळून आला. मी ओसरीवर संत्रं सोलत बसलेल्या नवऱ्याला पहिल्यांदाच विचारलं, "अहो, माझ्या कॅसेटमधलं तुम्हाला काय आवडलं होतं?"

"कोणती कॅसेट?"

"बोरगावला आलेली. मला बघितलं होतं ना तुम्ही तीत."

त्यांनी एक फोड तोंडात टाकली, बी थुंकली.

"आता लपवाचं काय? आमच्याकडं व्हीसीआर कुठं होता वं! नी भाड्यानं आनला असता तं अख्खं गाव पाहाले जमलं असतं. आमच्या बाबानं म्हनलं, घरची सून गावानं कायले पाहाची? मंग कॅसेट कपाटात ठेवली होती."

"मग पसंत कसं केलं?"

"नापसंत म्हनलं असतं तं तुमच्यावाल्यायनं विचारलं असतं, काय खोट दिसली म्हून. काय सांगाचं मंग? पसंत म्हनलं का कोनी काही पुसत नाही."

मी आत गेले. गॅसवर चहा ठेवला. सिनेमा जगात कुणीच पाहिला नव्हता, मीसुद्धा नाही, आणि नायिका मात्र न बघताच घरी नेली होती. बाहेरून हाक आली, "चहा झाला का वं?"

मी कपबशा मांडल्या, ट्रे उचलला, मान खाली घातली आणि सावकाश निघाले. उंबरठ्याशी थोडकं थांबलेही. किशोरभाऊ फोकस करत असतील, म्हटलं.