क्रोनाकाकूंचं मत

क्रोनाकाकूंचा नकार समोरच्याचं वाक्य संपायच्या आत तयार असे. "काकू, आज पाऊस..." म्हणावं तर "पडणार नाही." क्रोनाकाकू हे नाव त्यांना जर्मनीतल्या इंगोलश्टाटच्या आम्हा मराठी मंडळींनी ठेवलं होतं. काका-काकू वीस वर्षं स्वीडनमध्ये राहून, तिथलं नागरिकत्व घेऊन, काकांच्या नोकरीपायी इथे आले. आम्ही सगळे युरोला सरावलो होतो आणि या बाई स्वीडनच्या क्रोना या चलनासाठी कुणाशीही भांडत.

"एका शेगडीवर बारा जणींनी स्वयंपाक करायचा," त्या म्हणत, "म्हणजे जाळ किती ठेवायचा ते मोठ्या पातेल्यावाली ठरवणार. तिची डाळ शिजेपर्यंत माझा भात करपला तर?" व्याजाचा दर आपल्याच देशाच्या बँकेनं ठरवावा, इतकं साधं त्यांचं म्हणणं. "आपली बँकही चुकते हो. पण तिला चार शब्द सुनावता येतात. फ्रँकफुर्टला युरोच्या बँकेत जाऊन मी कुणाची कॉलर धरू?" डेन्मार्कनं युरोला नाही म्हटलंय, ब्रिटन पाऊंड सोडत नाही, हे त्या आपल्या मुलांचे मार्क सांगावेत तशा सांगत.

काका पक्के युरोवाले. दर प्रवासात पैसे बदलायचे, दर सौद्यात भावाची धाकधूक, असल्या हट्टानं व्यापार होतो का, हा त्यांचा सवाल. तोही काही चुकीचा नव्हता, पण काकूंपुढे तसं म्हणायची माझी छाती नव्हती.

२००३ मध्ये युरो घ्यायचा का, यावर स्वीडननं लोकांचा कौल मागितला. आम्हाला जवळ म्हणजे म्युनिकचं स्वीडिश कॉन्सुलाट, म्हणजे वकिलात, तिथे आधीच जाऊन मत देता येत होतं. काकांनी तोडगा काढला. "तुझं नाही, माझं हो. दोन्ही एकमेकांना खाणार. त्यापेक्षा दोघंही घरी बसू. तुझा गुडघाही दुखतोय."

"तुम्ही बसा," काकू म्हणाल्या. "भारताचा पासपोर्ट मी परत केला. इथलं सरकार निवडताना मला कोणी विचारत नाही. जगात या एकाच ठिकाणी माझं मत मोजतात. ते तुमच्या मतातून वजा करून संपवायला मी तयार नाही."

गुडघ्यामुळे सोबतीला मी गेले. मत देऊन बाहेर आल्या, तर रांगेत काका उभे. ऑफिसातून तडक गाडी काढून आले होते.

"आलात?"

"तू घरी राहिली असतीस तर मीही राहिलो असतो."

"गेनाऊ, अगदी बरोबर. असंच पाहिजे," काकू म्हणाल्या.

परतताना गाडीत दोघं घरापर्यंत भांडले. माझं नवीन लग्न झालेलं. सुखाच्या संसारात मत एकच असतं, अशी माझी तोवर समजूत होती. ती त्या रस्त्यावर गळून पडली आणि मला फार हलकं वाटलं.

कौल 'नाही' असा लागला. काकूंनी शिरा केला. काकांनी तो तोंड पाडून दोनदा घेतला.

सहा वर्षांनी काकू गेल्या. महिन्याभरानं काकांचा फोन आला. "आता मी काहीही म्हटलं तरी घरात कोणी 'नाही' म्हणत नाही गं."

धीराचे शब्द ओठांवर आले होते, ते गिळले.

"काका," मी म्हटलं, "युरोचं तुमचं चुकलंच होतं."

मग "आल्झो, तर मग ऐक आता," म्हणून काका पाऊण तास माझ्याशी भांडले.