फ्लॉपीच्या आत कुंकू

मंडळी, आजची सुट्टी फ्लॉप्यांत गेली.

शिरूरला आमच्या शेजारचे आप्पा पूर्वी कॉम्प्युटर क्लास चालवायचे. टायपिंग शिकवायला त्यांनी स्वतः एक प्रोग्रॅम लिहिला होता. तो त्यांना पुन्हा चालताना बघायचा होता. प्रोग्रॅम झिप करून, तुकडे पाडून अनेक फ्लॉप्यांवर ठेवलेला. एक तुकडा गेला तरी तो पूर्ण उघडत नाही.

शेवटची फ्लॉपी वाचलीच जाईना. तिचा पत्रा सरकवला, तर आत चकतीवर कुंकू.

"आप्पा, हे काय?"

"आगं, दसऱ्याला पुजल्या व्हत्या. मशीन पुजायची आन् फ्लॉप्या तशाच ठेवायच्या व्हय?"

चकती पुसली, उपयोग झाला नाही. बाकीच्या तुकड्यांतून निघालेल्या फाइली लॅपटॉपवर, जुन्या कॉम्प्युटरची नक्कल करणाऱ्या एम्युलेटरमध्ये टाकल्या. निळ्या स्क्रीनवर क्लासचं नाव आलं आणि सगळं तिथेच थांबलं.

"चाललं की गं!" आप्पा म्हणाले.

याला चालणं म्हणत नाहीत. पहिला धडा येईल म्हणून ते एकेक बटण दाबत बसले. अजून बसलेत.

शिरूर-दौंड भागात त्यांच्याकडे शिकलेलं कोणी इथे असेल, तर घरातल्या जुन्या फ्लॉप्यांत या प्रोग्रॅमची कॉपी आहे का, एकदा बघाल का?