चंद्रोदयाचा रकाना

आमच्या परदेशातल्या मराठी मंडळाची माहिती म्हणजे एक ना धड भाराभर चिंध्या. सभासदांची नावं एका एक्सेलमध्ये, त्यांचे ईमेल दुसऱ्यात, कार्यक्रमांच्या तारखा सेक्रेटरींच्या फोनमध्ये आणि सणवार भारतातून आलेल्या भिंतीवरच्या कॅलेंडरमध्ये. मिल्टन कीन्सच्या ऑफिसात मी दिवसभर लोकांचा डेटाच आवरत असते, म्हणून हे कामही माझ्याच गळ्यात पडलं. सगळं एका जागी आणायचं, म्हणजे वेबसाइट, ईमेल आणि फोनवरचे मेसेज तिथूनच आपोआप जातील. मला पसारा बघवत नाही, त्यामुळे मी आनंदानं बसले.

एकेक रकाना भरत गेले आणि संकष्टीच्या चंद्रोदयापाशी अडले. कॅलेंडरमधली वेळ मुंबईची. ती इथे काय कामाची? मग आपली माणसं इतकी वर्षं उपास सोडतात तरी कशी, असं मी सेक्रेटरींना विचारलं.

"स्टॅनमोरच्या काकू ग्रुपवर मेसेज टाकतात ना," ते म्हणाले. "'दिसला, जेवा.' तो आला की आम्ही पानं वाढतो."

'माहिती कुठून येते' या रकान्यात काकूंचं गॅलरीत उभं राहणं लिहायचं, हे मला काही पटेना. चंद्रोदयाची इथली अचूक वेळ देणारी वेबसाइट होती. ती जोडली की झालं. पण काकूंना न सांगता त्यांचं काम काढून घेणं बरं दिसलं नसतं, म्हणून एका शनिवारी गाडी काढली आणि स्टॅनमोरला गेले.

काकूंनी पुढ्यात शिऱ्याची बशी ठेवली, माझं सगळं ऐकून घेतलं आणि हसल्या.

"अगं, मीसुद्धा त्याच वेबसाइटवर बघते. या देशात चंद्र कुठला दिसायला? Always cloudy."

"मग 'दिसला' असं का लिहिता?"

काका हॉस्पिटलमध्ये डॉक्टर होते. संकष्टीला संध्याकाळची शिफ्ट असली की ते कार पार्कमध्ये जाऊन आकाश बघायचे आणि घरी फोन करायचे, "दिसला गं, जेव." ढग असले तरी तेच सांगायचे, कारण काकू उपाशी बसलेल्या त्यांना चालायचं नाही.

"ते गेल्यावरच्या पहिल्या संकष्टीला मी ताट वाढून बसले," काकू म्हणाल्या. "वेळ झालेली मला माहीत होती गं. पण घास उतरेना. जेव म्हणून कोणी म्हटलंच नाही ना. मग वाटलं, आपल्यासारखं आणखी कोणीतरी एकटं बसलं असेल. टाकला मेसेज."

वेळ वेबसाइट सांगेल, पण 'जेव' कोण म्हणणार? परतताना गाडीतच ठरवलं. वेळ आपोआप येईल, मेसेजही तयार होईल, पण काकूंनी त्यांच्या फोनवर बटण दाबल्याशिवाय तो कोणालाही जाणार नाही.

"What's the point? मग ऑटोमेशन कसलं?" सेक्रेटरी म्हणाले.

"बाकी सगळं आपोआप आहे," मी म्हटलं. "एवढं राहू द्या."

पुढच्या संकष्टीला मीही मुद्दाम उपास केला. वेळ टळून गेली, पोटात कावळे ओरडायला लागले, तरी मेसेज येईना. मी काकूंना फोन लावला.

"काकू, बटण सापडत नाहीये का?"

"सापडलंय गं. जरा बाहेर बघत होते. दाबते आता."

"आणि तुमचं जेवण?"

"माझं काय गं. सगळ्यांना कळवलं की दूध-केळं घेते आणि पडते. एकटीसाठी ताट वाढायला नको वाटतं."

इतकी वर्षं अख्ख्या मंडळाला जेवायला लावणाऱ्या या बाईंना आम्ही कोणीच एकदाही जेवा म्हटलं नव्हतं. फोन कानाला तसाच धरून मी मागचं दार उघडलं आणि बाहेर गेले. शेजाऱ्यांच्या छपरावर नुसते ढग होते.

"काकू," मी म्हटलं, "दिसला. ताट वाढून घ्या. जेवा."

पलीकडून कपाट उघडल्याचा आणि भांड्यांचा आवाज आला.

त्या संकष्टीला सगळं मंडळ जरा उशिराच जेवलं.