नव्याण्णववर नाबाद

कात्रीआत्यांचा उजवा अंगठा प्लास्टरमधून बाहेर आला तो थेट पाहुणा होऊन. हातावर बसून सगळं बघायचा, पण कामाला म्हणून हलायचा नाही. बाकीची चार बोटं राबत होती आणि हा आपला सोफ्यावर रेलल्यासारखा आडवा.

दुकान शिलाईचं. आत्यांचं आणि त्यांच्या थोरल्या भावाचं. भाऊ मशिनवर आणि आत्या बेतायच्या टेबलापाशी, अशी तीस वर्षांची वाटणी. कोट, पडदे, गणवेश, जे काही त्या गल्लीत शिवलं जायचं त्याची पहिली रेघ आत्यांच्या खडूची. त्यामुळे गल्लीने त्यांचं खरं नाव कधीच कापून टाकलं होतं आणि कात्रीआत्या एवढंच शिल्लक ठेवलं होतं. एके दिवशी वरच्या फळीवरचा बटणांचा डबा काढायला त्या स्टुलावर चढल्या. डबा हाती आला, स्टूल गेलं.

प्लास्टर निघाल्यावर त्यांनी आधी कात्री मागितली. अंगठा कडीत गेला, पण पाती उघडेनात. भाऊ मशीन थांबवून बघत होता. मनाने लोणी, पण बोलायला लागला की सुई.

"महिनाअखेरपर्यंत बघू," तो म्हणाला. "नाहीतर ठेवू एखादा कटर. तू काजं-बटणं बघ. बसून काम आहे."

"काजं-बटणं," आत्या एवढंच म्हणाल्या. शतकं ठोकणाऱ्याला पाण्याच्या बाटल्या घेऊन मैदानात पाठवावं, तसं झालं होतं त्यांना.

व्यायामाच्या डॉक्टरांनी रबरी चेंडू दिला होता. रोज शंभर वेळा दाबायचा. आत्यांनी दोन दिवस दाबला. तिसऱ्या दिवशी तो कपाटाखाली गेला आणि त्याला शोधायला कुणी वाकलं नाही. शेवटी भाची मदतीला धावली. भाची म्हणजे भावाची मुलगी. मोबाइल दुरुस्तीच्या दुकानात नोकरीला होती आणि दुपारी डबा खायला इकडे यायची. तिने आत्यांच्या फोनवर एक गेम टाकून दिला. एक धनुर्धारी, दहा मजले, मजल्यागणिक राक्षस.

"अंगठ्याने याला पळव. पळताना तो बाण मारत नाही. थांबला की आपोआप सुटतो."

"आणि मेला तर?"

"पुन्हा पहिल्या मजल्यापासून. मिळालेलं सगळं जातं. खोल्याही दर वेळी बदलतात, तेव्हा पाठ करून उपयोग नाही. अशी एक फेरी झाली की एक रन झाला म्हणायचं."

आता दुकानातल्या रेडिओवर तीस वर्षं क्रिकेटची कॉमेंट्री चाललेली. रन ही काय चीज आहे, हे आत्यांना भाचीने समजावण्याची गरज नव्हती.

दुसऱ्या दिवशी दुपारी भाची डबा उघडते तोच आत्यांनी जाहीर केलं, "अकरा काढले."

"सुरुवात बरी आहे," भाऊ मशिनवरून म्हणाला. "आधी खेळपट्टीचा अंदाज घे."

भाचीने समजवायला तोंड उघडलं. तेवढ्यात तिचं लक्ष अंगठ्याकडे गेलं. काल शेजारच्या बोटापर्यंत न पोचणारा तो पाहुणा काचेवर इकडून तिकडे सरकत होता. भाचीने उघडलेल्या तोंडात घास घातला आणि ते बंद केलं.

दहादा मेल्यावर इतर लोक फोन आदळतात. आत्यांच्या खाती दहा धावा जमा व्हायच्या. "आज तिसऱ्या खोलीत वटवाघळाने खाल्लं. सत्तावीस झाले," असं त्या अगदी तृप्त मनाने सांगायच्या. घाई नावाचा प्रकारच उरला नाही, आणि म्हणून त्यांना नीट बघता येऊ लागलं.

भाचीची रीत वेगळी. खोलीत शिरली की दिसेल त्यावर बाण. मजला संपल्यावर तीन बक्षिसांतून एक निवडायचं असे, ती झडप घालून ज्वाळेची तलवार उचलायची आणि चौथ्या मजल्यावर तलवारीसकट मरायची.

"अगं, गिऱ्हाईक दारात आलं की लगेच कापड फाडतेस का? आधी माप घे," आत्या म्हणाल्या.

आणि त्यांनी खरोखरच माप घेतलं. नव्या खोलीत खांबाआड राहायचं, एकही बाण न मारता नुसतं फिरायचं, आणि कोण कुठून, कसा, किती अंतर येतो ते बघायचं. मग टेप फोनच्या काचेवर धरायची. निष्कर्ष मापवहीत, गिऱ्हाइकांच्या मापांशेजारीच.

"हा कोण गं?" एकदा भावाने वही नाकाशी धरून विचारलं. "उडी सव्वा इंच, दोन उड्यांनंतर दम खातो. कोट करायचाय का याला?"

"तो बेडूक आहे. पुढचं पान बघ."

बक्षिसांतही आत्या तलवारीला हात लावत नसत. आधी वेगाचे बूट. मग जीव वाढवणारी बाटली. मग लांब पल्ल्याचं धनुष्य. "कोट अंगाला बसायच्या आधी कुणी त्यावर भरतकाम करतं का?" लढाई चालू असताना नाणी पडली तर ती वेचायला जायचं नाही. खोली रिकामी झाली की ती कुठे पळून जात नाहीत. आणि सगळ्यात अवघड गोष्ट, थांबणं. नवखा माणूस घाबरून पळतच राहतो, त्यामुळे बाण सुटत नाही. "कात्रीचंही तेच आहे. पळवली की कापड फाटतं. थांबत थांबत गेली की कापलं जातं."

भाचीने मुकाट्याने बूट निवडायला सुरुवात केली आणि त्याच आठवड्यात ती सहाव्या मजल्यावर पोचली. हे तिने स्वतःच्या दुकानात कुणाला सांगितलं नाही. तिथे तिला या विषयातली तज्ज्ञ समजत असत.

महिनाअखेर आली. आत्यांनी सकाळीच भावाला बजावलं, "नव्याण्णव झालेत. शतक झालं की कात्री धरते. तोवर बोलायचं नाही."

भाऊ बोलला नाही. पण मशीन सावकाश चालवू लागला.

दुपारी भाची आली तेव्हा आत्या नवव्या मजल्यावर होत्या. दहाव्यावर एक दगडी दैत्य निघाला. त्याचं माप वहीत नव्हतं. आत्या खांबाआड गेल्या. दोनदा त्याचा वार चुकवला, तिसऱ्यांदा तो हात वर करून क्षणभर गप्प उभा राहतो हे त्यांनी हेरलं. पुढे प्रत्येक वेळी तो हात वर करी आणि आत्या थांबत. शेवटी दैत्य कोसळला, पडदा सोनेरी झाला, कसलंसं संगीत वाजलं.

भाची खुर्चीवरून उठली. आत्यांचा चेहरा मात्र उतरला होता.

"मेलेच नाही मी," त्या म्हणाल्या. "आता रन कसा धरायचा? नव्याण्णववर अडकले."

मग भाचीला सगळं सांगावं लागलं. रन म्हणजे नुसती फेरी, ती मोजायला मरावं लागत नाही, आणि धावांचा तर काही संबंधच नाही.

आत्यांनी फोन टेबलावर पालथा ठेवला. "म्हणजे मी नव्याण्णव वेळा मेले, आणि दादा, तू मला रोज शाबासकी देत होतास."

"मला काय माहीत? मी तर सरासरी काढत होतो," भाऊ म्हणाला.

"मग शंभर धरायचे ना?" आत्यांनी भाचीला विचारलं. तिने मान हलवली.

आत्या उठल्या. टेबलावर कोटाचं जाड कापड खडूने आखून तयार होतं. भावानेच आखलं होतं. आत्यांनी ते बाजूला सारलं आणि जुन्या अस्तराची एक चिंधी ओढली. अंगठा कडीत घातला. पाती थरथरली, उघडली, अर्धा इंच गेली आणि रेघ सोडून भरकटली.

"मेले," आत्या म्हणाल्या आणि चिंधी टोपलीत टाकली. "एक."

दुसरी चिंधी घेतली. भाचीची सुट्टी संपून गेली तरी ती तिथेच उभी होती. संध्याकाळी गिऱ्हाईक दारात आलं तेव्हा भावाने मशिनवरून विचारलं, "किती झाले?"

"चौदा," आत्या म्हणाल्या आणि कोटाचं कापड पुढे ओढून खडूची रेघ पुन्हा एकदा नीट बघू लागल्या. भाऊ उठला. त्याने बटणांचा डबा उचलला आणि स्टुलावर चढून वरच्या फळीवर ठेवून दिला.